सत्तावीस नंबरची बाटली

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या परगण्याच्या प्रमुख ग्लेनिस ओट्स. व्यासपीठाच्या मधोमध अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती श्रीमती विनिफ्रेड ट्रेगेन्झा, म्हणजे आपल्या ट्रेगेन्झाबाई. त्यांना न्यायला बनबरीहून आलेले त्यांचे चिरंजीव कॉलिन. ज्यांच्या पूर्वजांच्या भूमीवर हे सभागृह उभं आहे ते वजारी वडीलधारे, आणि त्यांच्या वतीने पहिल्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, म्हणजे भाषण लांबलं तर पटकन निसटता येईल अशा जागी बसलेल्या डल्सीमावशी. आणि मीलगारातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी रस्ते करणारा माणूस. दिलेल्या मुदतीत माझा एकही रस्ता पुरा झालेला नाही, हे अध्यक्षांइतकं कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहू नये, चहाकडे पाहावं. केक लमिंग्टन आहेत, खोबऱ्यात घोळलेले, आणि ते पळून जाणार नाहीत.

माझं नाव आंते ब्राजिच. हे नाव इथे कुणाला नीट घेता येत नाही, म्हणून मी सगळ्यांचा ब्रेझो. फक्त बाई मला आंते म्हणतात. टपाल कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या बाईला पाकिटावरचं नाव अर्धंमुर्धं वाचलेलं खपत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं लक्ष माझ्याकडे नाही, हे मला इथून दिसतंय. तुम्ही माझ्या डाव्या हाताकडच्या मेजावर पाहताय. तिथे आपल्या रानफुलांच्या मेळ्यातल्या एकशे सात बाटल्या मांडल्या आहेत, आणि त्यातल्या एकीवर चहाचा टॉवेल झाकलेला आहे. होय, तीच. सत्तावीस नंबरची. तेरा वर्षं बाईंनी ती रिकामी पाहिली आहे. उद्या सकाळी बाई या गावातून निघतील, त्या समुद्रकाठी मुलाकडे राहायला. त्याआधी या बाटलीचं काय ते लागलंच पाहिजे. पण टॉवेलाला मी इतक्यात हात लावणार नाही. मला तशी सक्त ताकीद आहे, आणि ती कुणाची आहे हे त्या दाराजवळ हसताहेत त्यावरून ओळखा.

मेळा सुरू कसा झाला हे आपल्या पोरांना माहीत नसेल. अडतीस वर्षांपूर्वी सरकारी मोजणीचे एक गृहस्थ इथे तीन दिवस राहून गेले. जाताना अहवाल टपालात टाकायला आले आणि पाकीट तोकडं पडलं, म्हणून कागद टपाल कचेरीच्या फळीवर पसरले. बाई कुणाचं टपाल वाचत नाहीत. पण उघडा कागद नाकासमोर पसरला तर माणूस डोळे तरी कुठे ठेवणार? त्यात एक ओळ होती : वनस्पती, उल्लेखनीय काही नाही.

बाई मोठं पाकीट संध्याकाळपर्यंत मिळेल म्हणाल्या. दुपारी दाराला कुलूप लावलं, डल्सीमावशींना त्यांच्या जुन्या गाडीत घातलं आणि गावाबाहेर पडल्या. गृहस्थ संध्याकाळी आले तेव्हा फळीवर जॅमच्या एकोणीस बाटल्या, प्रत्येकीत एकेका झुडपाची फुललेली डहाळी. बाई म्हणाल्या, "साहेब, हे तुमचं 'काही नाही'. एकोणीस प्रकारचं आहे. मोजून घ्या आणि सही करा."

गृहस्थांनी ती ओळ खोडली म्हणतात. खरंखोटं बाईच जाणोत. पण पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये एकोणिसाच्या एकतीस बाटल्या झाल्या, फळी पुरेना, म्हणून मेळा या सभागृहात आला. आज एकशे सात. यातली चौतीस तर नुसती एमू झुडपाच्या एका कुळातली आहेत. ज्या कुळाचं शास्त्रातलं नाव 'वाळवंटाची आवड असलेलं' असं आहे आणि आपल्याकडचे मेंढपाळ ज्याला दळिद्री झुडूप म्हणतात, ते. दोन्ही नावं खरी आहेत. ज्या जमिनीवर मेंढी जगत नाही तिथे हे झुडूप फुलतं, मग ते दळिद्री की श्रीमंत, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मित्रहो, मी या गावात आलो तेव्हा मला सगळं एकच दिसायचं. झुडूप. ते रस्त्यात आलं की काढायचं, रस्त्याकडेला आलं की तेही काढायचं. मला डोळे बाईंनी दिले. आता मेजाकडे बघा. नुसती पानंच घ्या. चौथ्या बाटलीतल्या पानांवर राखाडी लव इतकी दाट की कोकराच्या कानाला हात लावल्यासारखं वाटावं. शेजारच्या पाचवीतली पानं राळ फासल्यासारखी चकचकीत; हात लावाल तर बोटं चिकटतील आणि आल्या उन्हाला ती आल्या पावली परत पाठवतात. अकरावीला पानं आहेत की नाहीत याचीच शंका, नुसत्या सुया. कोरड्या हवेला तोंड द्यायचं एकच काम, आणि प्रत्येकानं ते आपापल्या अकलेनं केलंय.

आणि फुलं? ज्याला मध खाणारे पक्षी हवेत त्यानं तांबडा रंग घेतला, नळी लांब केली आणि पुंकेसर असे पुढे काढले की पक्ष्यानं चोच घातली की त्याच्या कपाळाला पराग लागलेच पाहिजेत. ज्याला मधमाश्या हव्यात त्यानं जांभळा घेतला, खालच्या पाकळीचा ओटा केला आणि आत ठिपक्याठिपक्यांची वाट आखली. मी हमरस्त्यावर पट्टे मारतो तशी, फक्त माझ्यापेक्षा सरळ. काहींचं फूल गळून पडलं तरी खालचा पेला रंगून मागे राहतो, गुलाबी, तांबूस, महिना महिना. शहरातले पाहुणे त्यालाच फूल समजून फोटो काढत बसतात. मी एकदा त्यांना सांगायला निघालो, तर बाईंनी बाही धरली. म्हणाल्या, राहू दे, झुडपाची फसवणूक झुडपाला करू दे.

आणि हे फक्त त्या एका कुळाचं. पलीकडे पिवळ्याधमक शेंगावाल्यांची रांग आहे, कोळ्यासारखी बोटं पसरलेल्या ग्रेव्हिलिया आहेत, काटेरी हेकिया आहेत, ज्यांचं फळ फोडायला मला हातोडी लागली होती. आणि शेवटी ती निळसर खारी झुडपं, ज्यांचं फूल बघायला चष्मा लागतो. त्यांनाही बाटली तेवढीच मोठी. बाईंच्या मेजावर कुणी पुढच्या रांगेतलं नाही, कुणी मागच्या.

प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. त्यावर शास्त्रातलं नाव, गावातलं नाव, आणि तिसऱ्या ओळीत डल्सीमावशींच्या भाषेतलं. काही चिठ्ठ्यांवर तिसरी ओळ कोरी दिसेल. मी एकदा विचारलं, मावशी, याला नाव नाही का? त्या म्हणाल्या, "आहे की. पण ते बाटलीत ठेवायचं नाव नाही." बाईंनी त्यावर पुन्हा कधी विचारलं नाही, मीही नाही.

आणि बाईंचा एक नियम. ज्याची फुललेली दहा झुडपं डोळ्यांनी मोजता येत नाहीत, त्याची डहाळी तोडायची नाही. मग मेज अपुरं दिसलं तरी चालेल. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो माझ्या गळ्याशी येणार आहे.

आता सत्तावीस नंबर. हिला गावात कंदील झुडूप म्हणतात. कमरेइतकं उंच, बाहेरून विटकरी, आत पिवळं, आणि फूल असं खाली तोंड करून लोंबतं की वाऱ्यात कुणीतरी दिवे घेऊन चाललंय असं वाटावं. पर्थच्या तज्ज्ञांनी त्याला अजून नाव दिलेलं नव्हतं, नुसता क्रमांक दिला होता. कारण साऱ्या जगात ते एकाच ठिकाणी सापडलं होतं : आपल्या दहा मैल टाकीच्या, म्हणजे गावापासून दहा मैलांवरच्या तळ्याच्या, रस्त्याच्या कडेला. एकूण झुडपं त्रेचाळीस.

तेरा वर्षांपूर्वी ती त्रेचाळीसच्या त्रेचाळीस एका सकाळी खरवडली गेली. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. किनाऱ्याकडून रस्ता खरवडायचं यंत्र घेऊन आलेल्या कुणा बदली ग्रेडरवाल्या गाढवानं ते केलं, हेही तुम्हाला माहीत आहे. त्या गाढवाबद्दल मी या गावात इतकं ऐकलंय की सांगता सोय नाही. माझे कान तसे तिखट. हॉटेलात ऐकलं, न्हाव्याकडे ऐकलं, माझ्या स्वतःच्या घरच्या जेवणावर ऐकलं, आणि मानही डोलावली.

मंडळी, ते गाढव किनाऱ्याकडचं नव्हतं. ते आत्ता तुमच्यासमोर टाय घालून उभं आहे.

थांबा, थांबा. सगळं सांगतो, मग काय म्हणायचं ते म्हणा.

आज माझी नऊ यंत्रं आहेत. तेव्हा एकही नव्हतं. ग्रेडर दुसऱ्याचा, काम तिसऱ्याचं, आणि नेहमीचा ड्रायव्हर पाठ धरून बसला म्हणून मला बोलावलेलं. फोनवर सांगणाऱ्यानं एवढंच सांगितलं की खुणांच्या मधला पट्टा खरवड, रस्ता रुंद करायचाय. त्या खुणा म्हणजे गुलाबी फीत बांधलेल्या लाकडी खुंट्या. त्या रानशेळ्यांनी केव्हाच उपटून टाकल्या होत्या. मी गेलो तर समोर दुसऱ्याच खुणा : पिवळे, वाकड्या डोक्याचे खांब, एक इकडे, एक सहाशे मीटरवर तिकडे. आता मला सांगा, या पिवळ्या खांबांच्या मध्ये पातं खाली टेकवायचं नाही, हे इथल्या ग्रेडरवाल्याला झोपेतसुद्धा ठाऊक असतं की नाही? पण मी ग्रेडरवाला झालो होतो त्या सोमवारी. आणि हा होता मंगळवार.

मी अगदी मन लावून खरवडलं. जे राखायला खांब पुरले होते, नेमकं तेच, या खांबापासून त्या खांबापर्यंत. सगळी माती कडेला ढकलून एक लांबलचक वरंबा केला. उतरून काम बघायला गेलो, तर वरंब्यातून विटकरी कंदील बाहेर डोकावताहेत. आदल्या ऑगस्टात तेच फूल मी मेजावर पाहिलं होतं. तेव्हा मला कळलं.

मंगळवार म्हणजे टपालाचा दिवस. मी सरळ कचेरीत गेलो. बाई पत्रं लावत होत्या. मी सांगितलं. सांगताना रडलो, हे सांगायला आता हरकत नाही. मला वाटलं, आता बाई विचारतील का केलंस, कसं केलंस. त्यांनी एकच विचारलं.

"आंते, माती कुठे टाकलीस?"

म्हटलं, कडेला, वरंबा केलाय.

"त्या वरंब्याला पातं लावायचं नाही. तूही नाही, दुसऱ्या कुणीही नाही."

आणि पुन्हा पत्रं लावायला लागल्या. त्या दिवसापासून आजपर्यंत या प्रकरणात माझं नाव त्यांच्या तोंडून बाहेर गेलेलं नाही. लोक विचारायचे, बाई, कोण होता हो तो? बाई म्हणायच्या, तो बराच लांबून आलेला होता. दाल्मेशियाहून माझे आजोबा आले, ते अंतर धरलं तर हे खोटंही नाही.

नंतर मी डल्सीमावशींकडे गेलो. तिथे अशी सहज सुटका झाली नाही. मावशींनी मला अर्धा तास उभं करून सुनावलं, त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं ही देवाची कृपा. मग त्यांनी वरंब्यातली मूठभर माती घेऊन चाळली, आणि त्यातून लाकडाच्या मण्यांसारखी टणक फळं काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, ही वर्षानुवर्षं खाली झोपलेली असतात, एमू पक्ष्याच्या पोटातून जाऊनसुद्धा काही उठत नाहीत. तू त्यांची झोप मोडली आहेस. आता पाऊस आला तर उठतील, नाही आला तर तुला शिव्या द्यायला मी आहेच.

आता त्या वर्षीच्या मेळ्यात सगळ्यांना वाटलं, सत्तावीस नंबर उडाला, पुढचे नंबर एकेक मागे येतील. बाईंनी तसं केलं नाही. बाटली जागेवर ठेवली, रिकामी. तुमच्यातल्या जुन्यांना टपाल कचेरीतला तो मागचा कप्पा आठवत असेल. लोकर कातरणारे, विहिरी खणणारे, भटके, ज्यांचा आज पत्ता एक तर उद्या दुसरा, त्यांची पत्रं बाई तिथे ठेवायच्या. नियमानं ती महिन्यानं परत पाठवायची. बाई पाठवायच्या नाहीत. एका विहीरवाल्याचं पत्र सहा वर्षं पडून होतं. तो आला तेव्हा बाईंनी एवढा वेळ कुठे होतास हेसुद्धा विचारलं नाही. पत्र दिलं आणि म्हणाल्या, सही कर. त्या कप्प्यावर जी चिठ्ठी होती, तीच त्यांनी या बाटलीवर लावली : मालक येईपर्यंत ठेवून घ्यावे.

आणि मला शिक्षा दिली. दर मेळ्याच्या सकाळी ती बाटली पाण्यानं भरायची. स्वतःच्या हातानं. तुम्ही सगळे हसायचा. ब्रेझो आला, हवेला पाणी पाजायला! अहो, अध्यक्षासुद्धा हसायच्या. मी तेरा वर्षं ती बाटली भरली आणि तेरा वर्षं संध्याकाळी तसंच पाणी बाहेर ओतलं.

अध्यक्षांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ग्लेनिस, आठ वर्षं लागोपाठ तुमच्या सहीचं पत्र मला येत होतं, की दहा मैल टाकीच्या रस्त्यावरचा वरंबा सपाट करावा, पाणी रस्त्यावर येतं. आणि आठ वर्षं मी उत्तर देत होतो की ग्रेडर नादुरुस्त आहे. ते यंत्र या साऱ्या काळात एक दिवसही नादुरुस्त नव्हतं. आज सगळ्यांसमोर कबूल करतो. आता त्या हसताहेत, म्हणजे पुढलं काम मला मिळणार.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वादळाची शेपटी आपल्यावरून गेली. दोन दिवस ओतलं. दहा मैल टाकी प्रथमच काठोकाठ भरली, आणि एप्रिलात त्या वरंब्यावर हिरवी टोकं दिसली. शेकड्यांनी. मी बाईंना घेऊन गेलो. त्या गुडघ्यावर बसल्या, एका रोपाचं पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाल्या, "आलंय. पण अजून पत्ता सांगत नाहीये."

पुढच्या वर्षी तीन झुडपं फुलली. गेल्या वर्षी नऊ. सगळं गाव म्हणत होतं, बाई, भरा की बाटली! वय ऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, कॉलिन दर महिन्याला फोन करतोय की आता चला. पुन्हा संधी मिळेल न मिळेल. डल्सीमावशींनी तर एक जोडफांदीचं झुडूप दोनदा मोजून दहा करून दाखवलं. बाईंनी हात फिरवून बुंधा शोधला, तो एकच निघाला. म्हणाल्या, "डल्सी, नऊ." आणि मला म्हणाल्या, पाणी भर. मी भरलं. त्या संध्याकाळी ते ओतताना मला पहिल्यांदा बाईंचा राग आला. आज येत नाही.

कारण उघड आहे. नऊवर बाटली भरली असती, तर आपण फक्त बाईंना खूष केलं असतं.

मेअखेर बाई गेराल्डटनला डोळ्यांसाठी गेल्या. तीन महिने तिथेच होत्या, काल परतल्या. या तीन महिन्यांत दहा मैल टाकीच्या रस्त्यावर काय झालं, हे सबंध गावानं त्यांच्यापासून लपवलं. मीलगारानं एखादी गोष्ट तीन महिने पोटात ठेवली, यासाठीच खरं तर गावाचा सत्कार व्हायला हवा.

काय म्हणताय बाई? जरा मोठ्यानं... मला वाटलंच होतं. बाई विचारताहेत, किती मोजलीस?

बाई, आज सकाळी मोजली. झुडपं दोनशे बारा.

"फुललेली?"

फुललेली एकशे अठ्ठ्याऐंशी.

बाई विचारताहेत, डल्सी, तू होतीस का त्याच्याबरोबर?

मावशी, तुम्हीच सांगा. नाही, बसूनच सांगा.

ऐकलंत? मावशी म्हणाल्या, "होते. आणि या वेळी एकही दोनदा मोजलेलं नाही."

ग्लेनिस, आता तो टॉवेल उचला.

टाळ्या थांबवू नका, पण जरा बाईंना बघू द्या. डोळे नवे आहेत त्यांचे, पुरते वापरू दे. तेरा वर्षांपूर्वी जगात एकूण त्रेचाळीस होती, बाई, आणि ती माझ्या हातून शून्य झाली. आज त्याच मातीत त्यांची चौपट नुसती फुललेली आहेत. मोजणीसाहेबांना कुणीतरी कळवा, उल्लेखनीय काहीतरी आहे म्हणावं.

एक काम राहिलं. कचेरी बंद झाली तेव्हा बाईंनी तारखेचा पितळी शिक्का जवळ ठेवला होता. तो सामानात बांधला गेला होता, कॉलिननं गुपचूप सोडवून आणलाय. तारीख मी आजची लावून ठेवली आहे, गादीला ताजी शाई घातली आहे. तेव्हा बाई, त्या चिठ्ठीवर शिक्का मारून द्या. मालक आले आहेत.

पुढच्या वर्षीपासून हे मेज डल्सीमावशींची नात, तिचं नाव मारली, सांभाळणार आहे. नियम तोच, दहाचा. सत्तावीस नंबरमध्ये पाणी घालायचा माझा हक्क मात्र मी कुणाला देणार नाही.

अध्यक्षांचे, बाईंचे, कॉलिनचे, ज्यांनी मला ओळखूनही आत्ता बाहेर काढलं नाही त्या तुम्हा सर्वांचे, आणि ज्या रानशेळ्यांनी गुलाबी फिती खाल्ल्या त्यांचेही आभार. शेवटी वक्त्यानं चुकांबद्दल क्षमा मागावी अशी रीत आहे. रस्त्यावरची मोठी चूक बाईंनी तेरा वर्षांपूर्वीच पोटात घातली. भाषणातल्या बारीकसारीक तेवढ्या तुम्ही घाला. आता मी बाजूला होतो, कारण शिक्का मारायला बाईंना मेजाशी यायचंय आणि मी वाटेत उभा आहे.